इनास मेस्त्रींचं नाक

इनास मेस्त्रींच्या चेहऱ्याआधी मला त्यांचे पाय ओळखीचे झाले. मालवणहून कुडाळला जाणारा रस्ता जिथे आमच्या गावाकडे फुटतो त्या तिठ्यावर, फणसाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि खाली कुणाची ना कुणाची गाडी. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले असत. डाव्या अंगठ्याचं नख काळं, उजव्या घोट्याला दोरा. गावातली माणसं त्या पायांशीच बोलत. निरोप पायांना, तक्रार पायांना, लग्नाचं आमंत्रणसुद्धा पायांना. पाय हलले की समजायचं, ऐकलं. दोन्ही पाय एकमेकांवर आडवे पडले की समजायचं, मेस्त्री झोपले.

एकदा गावात नवं लग्न झालेलं एक जोडपं वडीलधाऱ्यांच्या पाया पडत फिरत होतं. पोरीला दोन पाय दिसले, तिने तिथेच वाकून नमस्कार केला. गाडीखालून आवाज आला, "सुखी ऱ्हवा. वायच तो बारा नंबरचो पानो सरकव बघू." नवऱ्याने घाईघाईत दहाचा सरकवला. तो तसाच परत बाहेर आला. "बारा म्हटलंय." शेवटी त्या पोरीने शालूचा पदर खोचून बाराचा पाना शोधून दिला. मेस्त्रींनी पुढे बरीच वर्षं त्या घराबद्दल एकच मत दिलं, की संसार बायकोमुळे चाललाय.

गाडीखालून मेस्त्री बाहेर आले की पहिलं यायचं ते नाक. बाकीचा चेहरा नाकाला आधार म्हणून दिलेला. मी मुलांना विज्ञान शिकवते, उगाच अतिशयोक्ती करत नाही, पण त्या नाकाबद्दल मी काहीही मानायला तयार आहे. तेलाचा थेंब बोटावर घ्यायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "ब्रेकचां ऑईल गोडसार येता. इंजनाचां करपलेलां. आणि गियरचां म्हणजे कुसलेलां अंडां." एखाद्या गिऱ्हाइकाने मध्येच सांगितलं, की मेस्त्री, मला वाटतं अमुक बिघडलंय, तर ते शांतपणे विचारत, "तुका वाटता, काय वास येता?"

ह्या नाकाने एकदा मयत अडवलं. गावातले जुझेबाब नव्वदीत गेले. चर्चची चढण उभी, म्हणून शवपेटी पिकअपमधून न्यायची ठरली. पुढे पाद्री, मागे गाणारी मंडळी, त्यांच्यामागे पिकअप, तिच्यामागे गावकरी, आणि बाजूने हातात मेणबत्ती घेऊन मेस्त्री. अर्ध्या चढणीवर त्यांचं नाक वर झालं. ते रांग सोडून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि कानात बोलल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्लच जळता. पाय काड." ड्रायव्हर दचकला आणि त्याने नको तो पाय काढला. पिकअप दोन हात मागे आली, मागची माणसं काजूच्या बागेत शिरली. मग पेटी खांद्यावर घेतली. पुढचा खांदा मेस्त्रींचाच. "जुझेबाब जल्मभर चलत गेलो," ते पाद्रींना म्हणाले, "आज तेका पिकअपात घालूची बुद्धी कोणाक झाली?"

आता माझ्या जीपबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय मेस्त्री पुरे होत नाहीत.

जीप माझ्या वडिलांची. दादा गेले, त्यांची होडी विकली, पण जीप मी ठेवली. कुडाळच्या शाळेत मी तिनेच जाते. चाळिशीतली बाई जुनी जीप चालवते म्हणून सुरुवातीला रस्त्यावरची माणसं वळून बघायची. माझा स्वभाव तापट आहे, त्यामुळे पुढे बघेनाशी झाली. त्या वर्षी गणपती झाले, पाऊस ओसरला, घरापुढचं खळं वाळलं आणि आईने मला हाक मारून दाखवलं. जीपच्या मागच्या चाकांमध्ये जमिनीवर काळा डाग. पाऊसभर थेंब पडत असणार, पण पडेल तो धुऊन जात होता.

मी जीप तिठ्यावर नेली. मेस्त्री खाली सरकले, बोटावर थेंब घेऊन बाहेर आले.

"कुसलेलां अंडां," ते म्हणाले. "मागच्या हौसिंगाचां ऑईल."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढा एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटात दातेरी चाकं आणि तेल. तिथून दोन्ही बाजूंना नळ्यांतून एक्सल चाकांपर्यंत जातात आणि टोकाला तेल अडवायला रबरी सील असतं. ते गेलं की तेल बाहेर. कधी ते ब्रेकवर उतरतं आणि मग उतारावर पाय दाबूनही गाडी ऐकत नाही. तेव्हा गंमत नव्हे हे मलाही कळत होतं. मेस्त्रींनी डाव्या चाकाचं सील बदललं, पाय झटकले. "जा बाय. आता थेंब नाय."

चार दिवसांनी थेंब उजवीकडून.

मेस्त्रींनी उजवं सील बदललं. मग तेल पुढून यायला लागलं, जिथे इंजिनाकडून येणारा दांडा गोळ्यात शिरतो तिथून. ते सील बदललं. आठवडाभर कोरडं. मी आईला म्हटलं, झालं एकदाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडून. मी तिठ्यावर गेले आणि त्या पायांना जे बोलले ते शाळेत बोलले असते तर मला घरी पाठवलं असतं. पाय हलले नाहीत. बऱ्याच वेळाने मेस्त्री बाहेर आले. त्यांचं तोंड उतरलं होतं. त्यांच्या गॅरेजमधून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी तीनदा परत आलेली कुणी पाहिली नव्हती, आणि तिठ्यावर त्या वेळी रिक्षावाले, चहावाला आणि कोळीण धरून दहाबारा माणसं उभी होती.

मेस्त्रींनी हात पुसले, छातीवर क्रूस केला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बायच्या गाडयेचो थेंब बंद होयपर्यंत मी माशाक हात लावचंय नाय."

बाहेरगावच्या माणसाला ह्याचं गांभीर्य कळायचं नाही. बांगड्याचे दिवस होते. होड्या भरून येत होत्या, सकाळी टोपली उतरली की अंगणाअंगणात तव्याचा वास. आणि हा माणूस, ज्याला वासावरून बांगडा सकाळचा की आदल्या संध्याकाळचा हे सांगता येत होतं, तो वरणभात खाणार होता. कोळणीने तेवढ्यात डोक्यावरची टोपली दुसऱ्या बाजूला वळवली, जणू मयताला वाट देत होती.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको रुजायबाय आमच्या खळ्यात येऊन उभी राहिली. "बाय, तुझी जीप भंगारात घाल, नायतर माझ्या घोवाक घाल. दोघांतला एक काय तां ठरव." घरात मासा शिजला की मेस्त्री ताट घेऊन रस्त्यावर जाऊन बसत, पण तिथेही वारा घराकडूनच यायचा. रुजायबायने एकदा शेवग्याच्या शेंगांना माशाचा मसाला लावून वाढल्या. त्यांनी हुंगल्या आणि तिच्याकडे असं बघितलं, की तीच रडली. कोळणीने तिठ्याजवळ हाळी देणं सोडलं. ती चपला हातात घेऊन गॅरेजमागून जायची. उपयोग शून्य. गाडीखालून आवाज यायचाच, "आज पेडवे."

मग तिठ्यावर वाद सुरू झाला, की सुंगटं म्हणजे कोळंबी ही मासळीत धरायची की नाही. रिक्षावाल्यांचं म्हणणं, नाही. चहावाल्याचं म्हणणं, धरायची. निम्मा दिवस भांडून ते पाद्रींकडे गेले. पाद्री म्हणाले, नवस ज्याचा त्यालाच ठाऊक, मला ह्यात ओढू नका. मग सगळे माझ्याकडे आले, विज्ञानाच्या बाई म्हणून. मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी सांगितलं, की कोळंबीला कणा नसतो, ती मासा नव्हे, किड्यांच्या चुलतभावंडांत मोडते. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. रुजायबायने तर सुंगटं सोलायलाच घेतली. मेस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं, क्षणभर त्यांचा गळा हलला, मग म्हणाले, "शास्त्र तुझां बाय, पण जीभ माझी." आणि पुन्हा गाडीखाली गेले. मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. मी त्यांच्यावर ओरडत होते आणि हा माणूस माझ्या जीपसाठी उपाशी नाही, पण जवळजवळ तसाच राहत होता.

त्यानंतर त्यांनी जीपला दवाखान्यात दाखल केल्यासारखं वागवलं. रोज सकाळी शाळेआधी आमच्या खळ्यात येत. जीपखाली मी वर्तमानपत्र पसरून ठेवायचं, ते पडलेल्या थेंबांना पेन्सिलीने गोल करायचे आणि बाजूला तारीख घालायचे. एका सकाळी थेंब राशिभविष्यावर पडला, बरोबर कन्या राशीवर. मेस्त्रींनी तो मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला. प्रवासात त्रास संभवतो असं लिहिलं होतं. "बग," ते म्हणाले, "गाडयेची रास गावली." मग त्यांनी माझ्याकडून शाळेतली खडूची पूड मागवली आणि सगळा गोळा आणि नळ्या पांढऱ्या केल्या, म्हणजे तेल कुठून येतं त्याचा ओघळ दिसेल. मी तशीच कुडाळला गेले. मागून मुलं ओरडत होती, बाई, जीपला पावडर लावली. ओघळ सगळीकडून निघाले. डावीकडून, उजवीकडून, पुढून. सील सगळी नवी, आणि तेल सगळ्यांतून.

दीड महिना झाला. मेस्त्रींचे गाल बसले, नाक आणखी मोठं दिसायला लागलं. एका रविवारी चर्चमधला मिस्सा आटपून आले आणि म्हणाले, "थंड गाडी बघून काय गावाचां नाय. गरम व्हयी. कुडाळाक जा आणि थेट परत ये. खंय थांबू नको."

मी गेले आणि आले. तिठ्यावर सगळे जमले होते. रविवार, त्यात मेस्त्रींचा उपवास मोडतो की काय हे बघायचं, घरी कोण बसेल. मेस्त्री तापलेल्या जीपखाली सरकले. गोळ्यात तेल भरायला एक बोल्ट असतो, तो त्यांनी पान्याने थोडा ढिला केला. आणि आतून मोठ्याने फुस्स असा आवाज झाला. पाय एकदम ताठ झाले. मग गाडीखालून हसण्याचा आवाज यायला लागला. मेस्त्री बाहेर आले ते कपाळापासून हनुवटीपर्यंत काळे, कुजलेल्या अंड्याच्या वासाचे, आणि हसून हसून बोलता येईना.

"सील बरी आसत," ते म्हणाले. "ह्येचां पोट फुगलेलां."

गोळ्याच्या डोक्यावर सुपारीएवढं एक टोपण असतं, ब्रीदर म्हणतात त्याला. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि त्या टोपणातून बाहेर जाते. ते बंद झालं तर हवा कुठे जाणार, ती तेलाला ढकलते आणि तेल वाट मिळेल तिथून निघतं. एक सील बदललं की दुसरीकडून. एवढं साधं. त्याच आठवड्यात मी सातवीला शिकवत होते, उष्णतेने हवा प्रसरण पावते. फुग्याचा प्रयोगही करून दाखवला होता.

मेस्त्रींनी टोपण काढून उजेडात धरलं. बघायला मीही वाकले. भोक काळ्या, चकचकीत, लाकडासारख्या कडक थराने बुजलं होतं. तो थर मी ओळखला. काजूच्या टरफलांचं तेल. दादा दरवर्षी मे महिन्यात होडीला ते तेल लावायचे, खाऱ्या पाण्याने लाकूड खाऊ नये म्हणून. होडी विकली तरी डबा आणि ब्रश राहिला होता, आणि जीपचा पत्रा खाऱ्या हवेने गंजत होता. तेव्हा त्या मे महिन्यात मी जीपखाली आडवी पडून सगळीकडे ते तेल फासलं होतं. अगदी मन लावून. एक कोपरा सोडला नव्हता, ते टोपणही नाही. डोक्यात आलं होतं, की दादा असते तर म्हणाले असते, पोरीने होडी राखली.

म्हणजे सगळं मीच केलं होतं. तीन वेळा सील, दीड महिना वरणभात, रुजायबायचं रडणं, सगळं माझ्या हातचं. आणि भोवती उभ्या असलेल्यांतले निम्मे माझे माजी विद्यार्थी.

मेस्त्रींनी टोपण नाकाशी नेलं, डोळे मिटले. खूप वेळ हुंगलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि तिठ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "कुंभारीण. कुंभारणीन घर बांधल्यान."

कुंभारीण म्हणजे ती माशी, जी भिंतीच्या फटीत, कुलपाच्या भोकात मातीचं घर बांधते. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुंभारीण कुठेही घुसते, कुणीतरी म्हणालं. सांगायला हवं होतं, पण नाही सांगितलं. मनात म्हटलं, सुटले. आणि खरं सांगते, थोडा आनंदही झाला, की मेस्त्रींचं नाक एकदा तरी चुकलं आणि ते फक्त मला माहीत आहे.

टोपण पेट्रोलने धुऊन, तारेने भोक मोकळं करून त्यांनी परत बसवलं. मी सावंतवाडीपर्यंत जाऊन आले. जीपखाली वर्तमानपत्र पसरलं, सगळे भोवती उकिडवे बसले. कागद कोरडा. रुजायबायने घरून तवा, चूल पेटवायला लाकडं आणि बांगडे आणून गॅरेजसमोरच तळायला घेतले. पहिला बांगडा मेस्त्रींच्या पानात पडला. मेस्त्रींनी तो उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "कालचो."

रुजायबायने हातातला कालथा उगारला. मग त्यांनी तो बांगडा खाल्ला, आणि पुढचे पाच. काटे वर्तमानपत्रावर त्यांनी कन्या राशीच्या रकान्यात नीट लावून ठेवले.

त्यानंतर दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मेस्त्री न बोलवता आमच्या खळ्यात यायचे. जीपखाली सरकायचे, टोपण काढून धुवायचे, बसवायचे. "कुंभारणीचो भरवसो नाय," एवढंच म्हणायचे. आई त्यांना चहा द्यायची. मी दरवर्षी मे महिन्यात जीपला काजूचं तेल लावतच होते, पण आता टोपण सोडून लावते आहे अशी माझी समजूत होती. कधी ब्रशचा फटकारा लागतही असेल. मी त्यांना चहाचा कप देताना मनात म्हणायचे, बिचारे, अजून माशी शोधतायत.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. गाडीखाली जायला जमेना. मडगावला त्यांची मुलगी असते, ती म्हणाली, माझ्याकडे राहायला या. गॅरेजचे पत्रे उतरवले, चार खांब राहिले. कुडाळ स्टेशनवर सोडायला मीच गेले, जीपने. वाटेत मेस्त्री पुढच्या सीटवर, मांडीवर पान्यांची पिशवी. मडगावला पाने कशाला, असं रुजायबाय मागून तीनदा म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. स्टेशनवर उतरल्यावर ते काठी टेकून जीपच्या मागे गेले, वाकता येईना म्हणून नुसतं हुंगलं, आणि मान हलवली.

गाडी आली. दोघांना खिडकीशी बसवलं, पिशवी आत दिली. मी खाली उभी. मेस्त्री गजांतून वाकले.

"बाय, आता मी नाय. कुंभारणीक सांग, मे महिन्यात खुशाल रंगय. फक्त आदी ब्रीदराक फडको बांध."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी रुजायबायकडे बघितलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"मेस्त्रीनू, तुमका ठावक होतां?"

"काजूच्या तेलाचो वास माका येवचो नाय?" त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"मगे तेव्हा बोललास नाय कित्याक? दीड महिनो मासो नाय खाल्लास तुमी, माझ्यापायी."

"तिठ्यार सगळे तुझे इद्यार्थी उबे होते गो," मेस्त्री म्हणाले. "तेंच्यासमोर बाईन चूक केल्यान म्हणान कसां सांगतलंय?"

गाडी हलली. मी चालायला लागले, मग थांबले, कारण रडताना मला चालता येत नाही. आजूबाजूला माझ्या शाळेतली दोन मुलं आईबापांबरोबर उभी होती, त्यांनी मला बघितलं, बघू देत. मला त्या माणसाचे पाय धरायचे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते गाडीच्या आत होते.

मी हात केला. मेस्त्रींनी हात केला नाही. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचं नाक खिडकीच्या गजांबाहेर आलं होतं, कपाळाला आठी, आणि ते खाली रेल्वेच्या चाकांकडे संशयाने बघत होते.